मायक्रोकंट्रोलर शिकून घरच्या बॅटरीचा चार्जर स्वतः बनवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी हिशेबाची. इलेक्ट्रॉनिक्सशी ओळख शाळेत बल्ब पेटवला होता तेवढीच. घरी इन्व्हर्टर आहे, त्याला १२ व्होल्टची, १०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची, पाणी घालावं लागणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. ती दोन वर्षं पुरी व्हायच्या आत गेली. बसवून देणाऱ्यांना कारण विचारलं तर म्हणाले, "बॅटऱ्या जातातच." हे उत्तर काही माझ्या गळी उतरलं नाही. वस्तू कशामुळे गेली हे कोणी सांगत नसेल तर आपणच शोधावं, असं ठरवलं.

तेव्हापासून चार महिने रात्री आर्डुइनो (शिकाऊंसाठीचा बोर्ड, ज्यावर मायक्रोकंट्रोलर म्हणजे कोडवर चालणारी चिप असते) घेऊन बसतोय. एलईडी लुकलुकवून झाला, तापमान वाचून छोट्या पडद्यावर दाखवून झालं, एक रिले (विजेने चालणारा स्विच) चालवला. आता चार्जर बनवायचा आहे. तयार चार्जर मिळतो हे ठाऊक आहे, पण मला तो आतून समजून घ्यायचा आहे. पुढेमागे सोलर पॅनेलही जोडायचं मनात आहे.

सुरुवात कुठून करू? आर्डुइनो पुरेल की ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घेऊ? आणि घरात नवी बॅटरी आली आहे, शिकताना तिचा बळी जाऊ नये यासाठी काय काळजी घ्यावी?

निवांत

वाचतोय. माझ्याही मनात हेच प्रश्न वर्षभर घोळतायत.

तारजोड

पाऊलवाट, बोर्ड कुठला हा प्रश्न शेवटी येतो. आधी बॅटरीला काय हवं असतं ते पाहू.

तुमच्या १२ व्होल्टच्या डब्यात सहा सेल आहेत, प्रत्येकी साधारण २ व्होल्टचे. चार्जिंग तीन टप्प्यांत होतं. पहिल्यात करंट ठरावीक ठेवायचा, १०० एएचला १० अँपिअर म्हणजे सुरक्षित बाजू, आणि व्होल्टेज आपोआप वर चढू द्यायचं. ते १४.४ च्या आसपास पोचलं की दुसरा टप्पा. आता व्होल्टेज तिथे धरून ठेवायचं, करंट हळूहळू स्वतःच ओसरतो. तो १ ते २ अँपिअरवर आला की तिसरा टप्पा, म्हणजे फ्लोट. व्होल्टेज १३.५ ते १३.८ वर उतरवायचं आणि बॅटरीला तिथे निवांत राहू द्यायचं.

हे आकडे २५ अंश तापमानाचे. बॅटरी तापली की हेच व्होल्टेज तिला जास्त होतं. दर अंशामागे दर सेलला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे. नक्की किती, ते बॅटरीसोबतच्या कागदावर असतं. तो कागद फेकला असेल तर शोधून काढा.

निवांत

"निवांत राहू द्यायचं" यात माझा काय संबंध? :)

जुनाजाणता

मी थोडे विरोधात बोलणार आहे. चाळीस वर्षे दुरुस्तीच्या बाकावर काढली आहेत, म्हणून बोलतो.

वर सांगितलेले तिन्ही टप्पे पार पाडायला मायक्रोकंट्रोलर लागतच नाही. चार्जिंगसाठीच बनवलेल्या चिप मिळतात. साधा फ्लोट चार्जर तर एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप आणि चार सुट्या भागांत होतो. त्यात कोड नाही, म्हणून कोडची चूक नाही. मायक्रोकंट्रोलर अडकू शकतो. अडकला त्या क्षणी मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू असेल तर तो चालूच राहतो आणि बॅटरीत करंट जातच राहतो. घरची माणसे झोपलेली असतात. दिवा लुकलुकवणे आणि १०० एएचची बॅटरी चार्ज करणे यांत फार मोठे अंतर आहे. ते कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

सोल्डरवाली

जुनाजाणता, तुमची भीती खरी आहे, कारण मी ती अनुभवली आहे. पण निष्कर्ष मला मान्य नाही.

माझा पहिला चार्जर एका लहान ७ एएचच्या बॅटरीसाठी होता. आठवडाभर छान चालला. मग एके दिवशी संध्याकाळी घरात शिरले तर सडक्या अंड्यांसारखा वास. बॅटरी हाताला चांगली गरम, मीटरवर १६ व्होल्टच्या वर. झालं होतं असं की पडद्याची तार सैल झाली. माझा कोड पडद्याकडून उत्तर येण्याची वाट बघत थांबला, तो थांबलाच. आणि तेव्हा मॉस्फेट चालू होता. पडद्याचा आणि चार्जिंगचा काडीचा संबंध नव्हता, पण मी दोन्ही एकाच दोरीला बांधलं होतं.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि सोबत हायड्रोजनही सुटत होता. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. मी दिव्याचं बटणसुद्धा न दाबता आधी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या खोलीतून चार्जरचा वीजपुरवठा बंद केला आणि बराच वेळ बॅटरीजवळ गेले नाही.

त्या रात्रीनंतर मी मायक्रोकंट्रोलर सोडला नाही, मांडणी बदलली. मॉस्फेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला) १० किलो-ओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावला, म्हणजे कंट्रोलर मेला, रीसेट झाला, पिन मोकळी पडली तरी गेट खाली ओढलं जातं आणि मॉस्फेट बंद होतो. कोडमध्ये वॉचडॉग चालू केला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीएल४३१ ही व्होल्टेज ताडून पाहणारी चिप वापरून एक वेगळं छोटं सर्किट केलं, जे १५ व्होल्टला चार्जिंग तोडतं. त्याला कोड माहीतच नाही. कंट्रोलरने काहीही सांगितलं तरी ते ऐकत नाही.

पाऊलवाट, हे मी मनापासून सांगते: कोडने बॅटरीचे लाड करावेत, तिचा जीव मात्र कोडच्या हाती देऊ नये.

कुतूहल

ताई, वॉचडॉग म्हणजे नक्की काय? आणि डिले (कोड ठरावीक वेळ नुसता थांबवणं) वापरू नका असं सगळे सांगतात, ते याचसाठी का? मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला डिले वापरूनच शिकवलं.

तारजोड

कुतूहल, वॉचडॉग म्हणजे चिपच्या आतलं एक स्वतंत्र घड्याळ. तुमच्या कोडने ठरावीक वेळात त्याला "मी जागा आहे" असं कळवायचं. कळवलं नाही तर ते सरळ चिप रीसेट करतं. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पीमध्ये ही मुदत १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठेवता येते. नव्या लोकांची एक चूक: वॉचडॉगला कळवण्याचं काम टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य कोड मध्येच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या तुकड्यात) टाकतात. मग मुख्य कोड गारठला तरी इंटरप्ट इमानेइतबारे "मी जागा आहे" म्हणत राहतो. ते काम मुख्य लूपमध्ये, आणि व्होल्टेज खरोखर वाचून झाल्यावरच करायचं.

डिलेचं बरोबर ओळखलंत. दहा सेकंदांचा डिले म्हणजे दहा सेकंद चार्जर आंधळा. वेळ मोजत राहायचं आणि वेळ झाली की काम करायचं, मधल्या काळात लूप फिरता ठेवायचा.

जुनाजाणता

सोल्डरवालीबाई, तुमचे कोडला न जुमानणारे सर्किट वाचून बरे वाटले. असे करणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. उरलेला निम्मा विजेच्या मुख्य लाइनसाठी राखून ठेवतो. घरातल्या २३० व्होल्टला नवशिक्याने हात लावू नये. बाहेरून प्रमाणित, आयसोलेटेड (मुख्य लाइनशी आतून थेट जोड नसलेला) अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि सगळे प्रयोग त्याच्या डीसी बाजूला करावेत.

पाऊलवाट

हे मान्य. मुख्य लाइनला हात लावणार नाही. १९ व्होल्टचा लॅपटॉपचा जुना अ‍ॅडॉप्टर पडून आहे, तो चालेल का?

तारजोड

सुस्थितीत असेल तर चालेल. त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि त्याच्या बऱ्याच खाली राहा.

निवांत

एक अनुभव माझाही. मल्टिमीटरची लाल तार करंट मोजायच्या भोकात होती हे विसरून मी बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलो. क्षणभर प्रकाश पडला, घरात आणि डोक्यातही. मीटरचा फ्यूज गेला, तारेचं टोक काळं.

सोल्डरवाली

निवांत, मीटरला फ्यूज होता म्हणून थोडक्यात निभावलं. कारण सांगते. चांगल्या १०० एएच बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहमच असतो. ६ मिलिओहम धरला तरी १२.६ भागिले ०.००६ म्हणजे २१०० अँपिअर. पान्हा दोन टर्मिनलांवर आडवा पडला की तो लाल होतो. म्हणून हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावायचा, आणि तो डीसीसाठीचा हवा. एसीमध्ये करंट दर अर्ध्या आवर्तनाला शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझते. डीसीमध्ये तसं होत नाही, ती ताणली जाते.

आठवा_सूर

आमचे एक सर म्हणायचे, महाग मॉस्फेट स्वस्त फ्यूज वाचवण्यासाठी प्राण देतो. फ्यूजचा आकडा निवडताना हे वाक्य आठवतंच.

कुतूहल

हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिणार आहे!

गच्चीवरचा

सोलरचा विषय निघालाय तर थोडं. माझ्याकडे तीन वर्षं पॅनेल आहे. कंट्रोलर स्वतः केला, दुसऱ्यांदा जमला.

साध्या पद्धतीत पॅनेल मॉस्फेटमधून थेट बॅटरीला जोडायचं आणि पीडब्ल्यूएमने (चालू-बंद वेळेचं प्रमाण कमी-जास्त करत) झपाट्याने जोडत-तोडत राहायचं. आर्डुइनोचा सेकंदाला ४९० वेळा होणारा नेहमीचा पीडब्ल्यूएम याला पुरतो. पण १८ व्होल्टला उत्तम चालणारं पॅनेल बॅटरीच्या १३ व्होल्टला ओढलं जातं आणि वरच्या व्होल्टचा फायदा मिळत नाही. तो मिळवायचा तर मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली उतरवणारं सर्किट) हवा, म्हणजे कॉइल, आणि पीडब्ल्यूएमचा वेग दहा-वीस हजारांच्या वर. उनोच्या टायमर १ वर ३२० पायऱ्या ठेवल्या की १६ मेगाहर्ट्झमधून नेमके ५० किलोहर्ट्झ निघतात.

पहिल्या वेळी कुठे फसलो ते सांगतो, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कार्यक्षमता वाढावी म्हणून मी बकमधल्या खालच्या डायोडऐवजी दुसरा मॉस्फेट लावला. दिवसभर झकास. सूर्य मावळला, पॅनेलचं व्होल्टेज पडलं, पण पीडब्ल्यूएम चालूच राहिला. अशा वेळी हेच सर्किट उलटं चालतं. बॅटरी इनपुट होते, कॉइल व्होल्टेज वर चढवते आणि पॅनेलच्या बाजूला ढकलते. पॅनेलकडे मी उलटा करंट अडवणारा डायोड लावला होता, त्यामुळे ती ऊर्जा तिकडे जाईना. इनपुटच्या कॅपॅसिटरवर व्होल्टेज चढत गेलं आणि दोन्ही मॉस्फेट गेले. आता कॉइलचा करंट शून्याजवळ आला की खालचा मॉस्फेट बंद ठेवतो. नवशिक्याने सरळ डायोडच ठेवावा. थोडी ऊर्जा उष्णतेत जाईल, जाऊ द्या.

तारजोड

+१. आणि मॉस्फेट निवडताना नावातलं एक अक्षर बघा. आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टच्या पिनने पुरता उघडत नाही, त्याला गेटवर १० लागतात. आयआरएलझेड४४एन ५ ला उघडतो. अर्धवट उघडलेला मॉस्फेट म्हणजे इस्त्री. आणि ईएसपी३२ चा पिन तर ३.३ व्होल्टचाच, त्याला मध्ये गेट ड्रायव्हर (गेटला पुरेसं व्होल्टेज देणारी चिप) हवाच.

दशांश

एवढा वेळ गप्प होतो. आता राहवत नाही, कारण सगळे मॉस्फेटवर बोलतायत आणि मोजमापावर कोणीच नाही.

१३.८ आणि १४.४ यांत फरक अवघा ०.६ व्होल्टचा. बॅटरी पाच वर्षं जगणार की दोन, हे त्या ०.६ मध्ये ठरतं. मग आपलं मोजमाप किती खरं आहे?

उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे ० ते १०२३. संदर्भ ५ व्होल्ट धरला तर एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. बॅटरीचं व्होल्टेज थेट देता येत नाही म्हणून ३० आणि १० किलो-ओहमचे रेझिस्टर लावून चौथा हिस्सा करायचा. म्हणजे बॅटरीच्या बाजूला पायरी झाली जवळपास २० मिलिव्होल्टची. इथवर ठीक. खरी गोम त्या "५ व्होल्ट" शब्दात आहे. यूएसबीने चालवलेल्या बोर्डवर ५ च्या जागी ४.७ असू शकतात. कोड मात्र ५ धरून गुणाकार करतो. मग खरे १४.४ असतील तेव्हा पडद्यावर १५.३ दिसतात. उलट बाजूने, पडद्यावर १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीला फक्त १३.५ मिळतायत. ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट साचत जातं, आणि आपण पडद्याकडे बघून समाधानी.

उपाय आहेत. चिपच्या आत १.१ व्होल्टचा संदर्भ असतो. डेटाशीटप्रमाणे तो १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो, पण एकदा मोजून कोडमध्ये लिहिला की फारसा हलत नाही. त्याच्यासाठी रेझिस्टरांची जोडी मात्र वेगळी लागेल. किंवा आयएनए२२६ नावाची चिप घ्या. १६ बिट, ३६ व्होल्टपर्यंत, व्होल्टेजची पायरी १.२५ मिलिव्होल्ट, आणि शंटवरून (करंटच्या वाटेत लावलेल्या अगदी कमी रोधाच्या रेझिस्टरवरून) करंटही मोजते. आयएनए२१९ बाजारात जास्त दिसते, पण तिच्या तयार मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट असतो, त्यामुळे ३.२ अँपिअरच्या पुढे ती चालत नाही. तुमच्या १० अँपिअरला निरुपयोगी.

आता तारा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ११.५ मिलिओहम. चार्जर बॅटरीपासून एक मीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन २३ मिलिओहम. ५ अँपिअरला ०.११ व्होल्ट तारेतच गेले, १० ला त्याच्या दुप्पट. चार्जरपाशी मोजलंत तर १४.४ दिसतील आणि बॅटरीपाशी १४.१७ असतील. म्हणून मोजायच्या दोन बारीक तारा वेगळ्या काढून थेट टर्मिनलवर न्यायच्या, त्यांच्यातून करंट वाहू द्यायचा नाही. त्यांनाही टर्मिनलपाशी छोटा फ्यूज. आणि मोजतार तुटली तर कोडला व्होल्टेज शून्य दिसेल, तो बिचारा जोर लावत राहील. म्हणून १० च्या खाली वाचन आलं की चार्जिंग बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून.

पाऊलवाट, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: चार्जर बनवूच नका, निदान तीन महिने. फक्त मोजा. आहे त्या इन्व्हर्टरला बाहेरून मीटर लावा आणि दर मिनिटाला व्होल्टेज, करंट, तापमान लिहून ठेवा. त्यात बॅटरीला धोका नाही, आणि कदाचित जुनी का गेली तेही कळेल.

सोल्डरवाली

दशांश, वाचनखूण साठवली. तुटलेल्या मोजतारेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आजच बदल करते.

पाऊलवाट

हे मला पटलं. आयएनए२२६ मागवतोय. शंट कुठला घेऊ?

दशांश

५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा, पितळी ठोकळ्यांवर बसवलेला. चिपची मर्यादा सुमारे ८२ मिलिव्होल्ट, त्यात बसतो. मॉड्यूलवरचा आधीचा शंट काढायला विसरू नका. शंट निगेटिव्हच्या बाजूला, आणि सगळ्या जोडण्या बॅटरी सोडवून करा.

निवांत

मधेच विचारतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले लिथियमचे सेल काढून ठेवलेत. त्यांचा मोठा पॅक करून इन्व्हर्टर चालवता येईल ना? मग पाण्याची कटकटच नको.

तारजोड

निवांत, थांबा. लेड-अ‍ॅसिड चूक पोटात घालते, वास देते, गरम होते, तुम्हाला वेळ देते. लिथियम-आयन सेलला ४.२ व्होल्ट म्हणजे ४.२, चूक फार तर ५० मिलिव्होल्टची. फ्लोट नाही. करंट क्षमतेच्या विसाव्या-दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जिंग पूर्ण बंद. ३ व्होल्टच्या खाली गेलेल्याला आधी अगदी हळू भरून ३ वर आणायचं. आणि जे सेल बराच काळ २ व्होल्टच्या खाली पडून होते ते वापरूच नका. आतलं तांबं विरघळतं, पुढे चार्ज करताना ते सेलच्या आतच शॉर्ट करू शकतं.

आठवा_सूर

मी जुन्या सेलचा पॅक केलाय आणि तो चालतोय, त्यामुळे "करूच नका" म्हणणार नाही. पण प्रत्येक सेलची क्षमता मोजली, भरून महिनाभर ठेवून ज्यांचं व्होल्टेज उतरलं ते बाजूला काढले, प्रत्येकाला वेगळा फ्यूज लावला, बीएमएस (सेलांवर नजर ठेवून गरज पडल्यास जोडणी तोडणारं सर्किट) लावला. निम्म्याहून जास्त सेल टाकून दिले. एवढं करायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा.

गच्चीवरचा

शिकायचंच असेल तर एका सेलवर, टीपी४०५६ या लिथियम चार्जिंगच्या चिपच्या मॉड्यूलवर शिका. करंट किती ते एका रेझिस्टरने ठरतं, १.२ किलो-ओहमला १ अँपिअर. मायक्रोकंट्रोलरने फक्त बघत राहायचं आणि आलेख काढायचा. आधी करंट सपाट, मग व्होल्टेज सपाट होऊन करंटची घसरण. हा आलेख स्वतः काढला की चार्जिंग कायमचं डोक्यात बसतं. घरच्यासाठी मोठा पॅक हवा तर लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचा सेल ३.६५ पर्यंत, चार सेलांचे १४.६, आणि स्वभावाने ती बरीच शांत. फक्त शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही.

निवांत

समजलं. डबा परत कपाटात ठेवला, आणि एकच सेल बाहेर. टीपी४०५६ पासून सुरुवात.

कुतूहल

एक शंका. करंट मोजून त्याची बेरीज करत गेलो तर बॅटरी किती भरली ते कळेलच ना? मग व्होल्टेज कशाला?

दशांश

कल्पना बरोबर, पण बेरजेत चूकही जमा होते. मोजमापात कायम १० मिलिअँपिअरची चूक असेल तर दिवसाला ०.२४ एएच, महिन्याला ७.२ एएच. म्हणून बॅटरी पूर्ण भरल्याची खूण, म्हणजे व्होल्टेज वर आणि करंट खाली, दिसली की बेरीज पुन्हा १०० टक्क्यांवर आणून ठेवायची.

पाऊलवाट

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. सांगण्यासारखं बरंच आहे.

सांगितल्याप्रमाणे फक्त मोजलं. आयएनए२२६, ५० अँपिअरचा शंट, तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवून. पहिल्या आठवड्यात करंट उलट्या चिन्हाचा दिसत होता, शंटच्या तारा अदलाबदल झाल्या होत्या. ते निस्तरल्यावर आलेख दिसू लागले.

आमचा चार्जर १४.४ पर्यंत जातो आणि तिथेच बसतो. खाली उतरतच नाही. लाइन आहे तोवर, दिवस असो रात्र असो, १४.४. बॅटरी केव्हाच भरलेली असते, करंट ०.४ अँपिअरवर येऊन थांबलेला, आणि तो तसाच वाहत राहतो. बॅटरीचं अंग दुपारी ३८ अंश. तारजोड यांनी सांगितलेल्या हिशेबाने, दर सेल ४ मिलिव्होल्ट धरले तर, तेव्हा दुसऱ्या टप्प्यालाच १४.१ पुरे होते.

जुन्या बॅटरीचंही हेच झालं असणार. तिच्यात पाणी कमी झालेलं मला दोनदा दिसलं होतं, आणि मी "घालू नंतर" म्हणून सोडून दिलं होतं. किती वेगाने कमी होतंय याचा अंदाजच नव्हता. कोणीतरी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर ती बॅटरी वाचली असती, याचं खरंच वाईट वाटतं.

दशांश

वा! या आलेखासाठीच सांगत होतो. पाण्याचा हिशेब मी करून देतो. भरलेल्या बॅटरीत जाणारा करंट बहुतेक पाणी फोडण्यात जातो. एक एएच म्हणजे ३६०० कूलंब. पाण्याच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन, फॅरेडेचा स्थिरांक ९६,४८५. भागाकार करून १८ ने गुणलं की एका सेलमधून ०.३३६ ग्रॅम. सहा सेल, म्हणजे एएचमागे २ ग्रॅम. तुमचे ०.४ अँपिअर रोज २० तास धरले तर ८ एएच, रोज १६ ग्रॅम, महिन्याला जवळपास अर्धा लिटर.

पाऊलवाट

दशांश, अंगावर काटा आला. नव्या बॅटरीत घातलेल्या डिस्टिल्ड पाण्याची नोंद मी ठेवतोय, सवयच हिशेबाची. मागच्या महिन्यात ४५० मिलिलिटर!

जुनाजाणता

पाऊलवाट, शाबास. मी सुरुवातीला अडवत होतो, पण तुम्ही केलेत ते काम अनेक दुरुस्तीवालेही करत नाहीत. आता इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायची कळ आहे का पाहा. पुष्कळांना असते आणि बसवणारा तिला हातही लावत नाही. आणि जुन्या बॅटरीच्या प्लेटा हवेत उघड्या पडल्या असतील तर तो भाग परत कामाला येत नाही, नंतर पाणी घालूनही नाही.

पाऊलवाट

होती! इन्व्हर्टर बंद करून बदलली. कालपासून आलेख बघतोय: १४.१ ला जाऊन, मग १३.७ वर उतरून स्थिर. रात्री करंट ०.०८ अँपिअर. नुसती एक कळ, आणि ती शोधायला सात महिने लागले, पण या सात महिन्यांत मी कितीतरी शिकलो.

आता स्वतःच्या चार्जरकडे. मोठ्या बॅटरीला हात लावत नाही, ७ एएचची लहान घेतली आहे. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर, बक, डायोड, गेटला १० किलो-ओहम, वॉचडॉग, १५ व्होल्टचं वेगळं सर्किट, १० च्या खाली बंद, सगळं लावलं. करंट ०.७ अँपिअरवर मर्यादित. एकच अडचण: दुसऱ्या टप्प्यातून फ्लोटमध्ये गेला की काही सेकंदांत परत पहिल्यात उडी मारतो, मग परत फ्लोट. असा रात्रभर नाचतो.

सोल्डरवाली

किती आनंद झाला वाचून! फ्लोटमधून परत जायची अट काय ठेवली आहे?

पाऊलवाट

व्होल्टेज १३.७ च्या खाली गेलं की पहिला टप्पा.

सोल्डरवाली

मग नाचणारच. फ्लोटही १३.७ आणि परतीची अटही १३.७. एक पायरी खाली वाचली की झाली उडी. परतीची अट १२.८ करा, आणि ती सलग पाच मिनिटं खरी राहिली तरच टप्पा बदला. फ्लोटमध्ये जातानाही तसंच, करंट सलग काही मिनिटं कमी राहिला तर.

तारजोड

आणि दुसऱ्या टप्प्याला जास्तीत जास्त वेळेचं बंधन घाला. लहान बॅटरीला चार तास. करंट खाली आलाच नाही तर एखादा सेल खराब असू शकतो, तेव्हा फ्लोटवर उतरून लाल दिवा लावायचा.

पाऊलवाट

दोन्ही बदल केले. पहाटे साडेपाचला उठून आधी आलेख पाहिला. रात्री ११.४० ला फ्लोटमध्ये गेला, तेव्हापासून १३.६९ ते १३.७१. एकदाही हलला नाही. वेळेचं बंधन तपासायला आज मुद्दाम बॅटरीला समांतर एक बल्ब जोडून बघणार आहे, म्हणजे करंट खाली येणार नाही. चार तासांनी लाल दिवा लागला की कळवतो.